पायातून काढलेला कॉलम

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली चोरी उदगीरची आणि कुठली देगलूरची, हे जुन्या डायऱ्या चाळल्याशिवाय सांगता येत नाही. ही एक घटना मात्र डायरी न उघडताही डोळ्यांसमोर येते. किती वेळा बाजूला सारली, पण ती जात नाही. नाव कुणाचंही घेणार नाही. ज्यांचं वाईट झालं त्यांचं नाही आणि ज्यांनी वाईट केलं त्यांचंही नाही. त्या दुसऱ्या यादीत मी स्वतः कुठे बसतो, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.

मी तेव्हा लातूरच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. मूळचा नांदेडचा. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती, पण लोकांच्या अंगातून तो गेलेला नव्हता. दगडमातीच्या भिंतींनी माणसं मारली हे लोकांनी पाहिलं होतं, त्यामुळे सगळ्यांचा जीव एका शब्दावर येऊन बसला होता. कॉलम. भाड्याची खोली बघायला आलेला माणूस पाण्याचं नंतर विचारायचा, आधी कॉलम किती ते विचारायचा. सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा मुलाचं घर कॉलमचं आहे का, हे एखादी आजी हळूच काढून घ्यायची.

आणि त्याच काळात लातूरला क्लासेसचा पूर आला. नांदेड, उमरी, निलंगा, थेट कर्नाटकच्या हद्दीपासून मुलं-मुली बारावीसाठी इथे यायला लागली. गल्लीगल्लीत पाट्या लागल्या. ज्याच्याकडे जागा होती त्यानं खोल्या बांधल्या, ज्याच्याकडे खोल्या होत्या त्यानं भिंती पाडून हॉल केले. माझी मुलगीही बारावीला होती. ज्या सरांच्या क्लासला ती जायची, त्यांचं गावात फार नाव होतं. इमारत त्यांचीच. खाली शिकवायचा मोठा हॉल, वर मुलींच्या राहायच्या खोल्या, गच्चीवर पाण्याच्या टाक्या.

जानेवारीतल्या एका दुपारी, सव्वातीनच्या सुमारास ठाणे अंमलदार धावत माझ्या खोलीत आला. "साहेब, सरांच्या क्लासचा स्लॅब आला खाली." मी काय विचारलं ते आठवत नाही. माझी मुलगी सकाळच्या बॅचला होती आणि ती घरी आहे, हे मला जीपमध्ये बसल्यावर आठवलं.

हॉलच्या मधला भाग खाली झुकून मोडला होता. कडेच्या मुली भिंतींच्या आधारानं वाचल्या. बऱ्याच जणी जखमी झाल्या. उमरीची एक मुलगी गेली. सतरा वर्षांची. वडिलांना फोनवर 'मुलीला लागलंय, या' एवढंच सांगितलं होतं. ते संध्याकाळच्या एसटीनं आले. तिला आवडतात म्हणून घरून धपाटे बांधून आणले होते. ती पिशवी घेऊन ते सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या चढत होते, आणि त्यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं.

गुन्हा दाखल केला तो कलम ३०४-अ खाली. निष्काळजीपणामुळे मृत्यू. या कलमात जामीन होतो. पंचनामा केला, फोटो काढले. ढिगारा बाजूला करताना नगरपालिकेच्या यंत्रानं अर्धा पुरावा ट्रॉलीत भरून गावाबाहेर नेला, हे आमच्या लक्षातही आलं नाही. अडकलेल्या मुली काढायच्या होत्या, त्यामुळे त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. दोष द्यायला पुढं भरपूर आहे.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. पुरुषाचा आवाज, शांत. "हॉलमध्ये मधोमध कॉलम होता. तो काढला होता. कुणी काढला, ते मिस्त्रीला विचारा." आणि फोन ठेवला.

निनावी फोनवर मी एरवी फारसा विश्वास ठेवत नसे. शंभरातले नव्वद फोन भाऊबंदकीचे असतात. पण जागेवर पाहिलं तर मधोमध खरंच कॉलम नव्हता. सरांना विचारलं. ते दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले होते. म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत काढला साहेब. मला त्यातलं काय कळतं? मिस्त्री म्हणाला काढता येतो, मी विश्वास ठेवला." वाक्य सरळ होतं. माणूस प्रतिष्ठित होता. मी मिस्त्रीला बोलावून घेतलं.

मिस्त्री पन्नाशीचा. लातूरच्या जुन्या वस्तीतलं मुसलमान घराणं, तीन पिढ्या गवंडीकाम. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या गावांत त्यानं बांधकाम केलं होतं आणि तिथे आलेल्या इंजिनिअरांकडून नवं तंत्र शिकला होता. सरांची इमारत त्यानंच बांधली होती. टोपी काढून हातात धरून तो माझ्यासमोर स्टुलावर बसला. सोबत आमचे जमादार, औशाकडचे, नोकरीनं माझ्यापेक्षा जुने. त्यांची एक कच्ची वही असायची. समोरचा माणूस जे बोलेल ते त्यात जसंच्या तसं टिपायचे. त्यावरून मी पक्का जबाब सांगायचो.

तो सवाल-जवाब मी त्या वहीवरूनच देतो आहे. मी त्याला अरे-तुरे करत होतो, हेही त्यात आहे.

"हॉलमधला मधला कॉलम तुला ठाऊक आहे?"

"हाव साब. कसा न्हाई ठाऊक?"

"कुणी काढला तो?"

तो ताठ झाला. "मीच काढला साब. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाई. पायातून काढला."

"कशाला काढला?"

"कशाला म्हंजे? येवडा मोठा हाल. मदी काढावाच लागतो."

"सरांनी सांगितलं होतं?"

"सर तर नगं म्हनत हुते. मी म्हन्लो, काढल्याबिगर मी कामच करनार न्हाई."

मी जमादारांकडे पाहिलं. इतका सरळ कबूल करणारा आरोपी मला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता. ना दरडावणं, ना उलटतपासणी. मिस्त्रीनं हात पुढे केला. "साब, कागद द्या. काढून दाखवतो."

मी म्हणालो, "अजून काय काढून दाखवतोस? काढलंस तेवढं बास झालं."

खोलीतले शिपाई हसले. मीही हसलो असेन. ज्या मुलीला जाऊन तीन दिवस झाले होते, तिच्या तपासात मला विनोद सुचला, याची मला आज लाज वाटते. मिस्त्रीनं हात मागे घेतला.

तो बाहेर गेल्यावर जमादार चाचरत म्हणाले, "साहेब, हे गवंडी लोक काढला म्हणतात ना, ते..."

"जमादार, मराठी मला येते," मी म्हणालो.

मी जबाब सांगत गेलो आणि ते लिहीत गेले. "हॉलच्या मधला कॉलम मी स्वतः पायापासून काढून टाकला. मालकांनी नको म्हटले असताना मी आग्रह धरला." 'टाकला' हा शब्द माझा. वाचणाऱ्याला संशय राहू नये म्हणून मी तो घातला. मला वाटलं, मी भाषा स्वच्छ करतो आहे. जबाबाच्या शेवटी 'वाचून दाखविला, बरोबर आहे' हे वाक्य आम्ही सवयीनं लिहायचो. त्या दिवशीही लिहिलं. वाचून कुणी दाखवला नव्हता.

त्याच्या अंगाला बोट लावलं नाही, याचं मला पुढे बरेच दिवस समाधान होतं.

त्या एका शब्दानं कलम बदललं. छत ज्यावर उभं आहे तो कॉलम जाणून-बुजून काढून टाकला, म्हणजे नुसता निष्काळजीपणा नाही. सदोष मनुष्यवध, कलम ३०४. जामीन नाही. आता पोलिसांपुढे दिलेली कबुली खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण कोठडी मागताना आणि जामिनाला विरोध करताना केस डायरी न्यायाधीशांपुढे जाते, आणि त्याआधी गावापुढे जाते. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, 'मिस्त्रीची कबुली'. सरांचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला गेला.

मिस्त्रीला कोर्टात हजर केलं त्या दिवशी मुलीचे वडील आवारात उभे होते. शेतकरी माणूस, बोलणं कमी. ते सरळ पुढे आले आणि मिस्त्रीच्या तोंडात मारली. शिपायानं त्यांना धरेपर्यंत दुसरी मारली. "तुला लेकरं हायत का रे?" त्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "हाव. हायत." एवढंच. त्याच्या हातात बेड्या होत्या, गाल चोळता येत नव्हता. मी पाहिलं आणि दुसरीकडे पाहू लागलो. मनात म्हणालो, बापाचं दुःख आहे, मोकळं होऊ दे.

जामिनाच्या सुनावणीला मिस्त्रीनं जबाब पहिल्यांदा ऐकला. सरकारी वकिलांनी वाचला आणि तो एकदम उभा राहून ओरडला, "साब, मी कालम काढला! तोडला न्हाई, काढला!" कोर्टात दोन-चार जण हसले. न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं. आमच्या बाजूनं सांगितलं गेलं की आरोपी आता फिरला आहे, वकिलानं शिकवलेलं बोलतो आहे. जामीन नाकारला. मी जमादारांकडे पाहिलं तर ते खिडकीबाहेर पाहत होते. मला राग आला. आज वाटतं, तो राग चांगला नव्हता. आतून काहीतरी कळायला लागलेल्या माणसाला येतो, तसला होता.

मुदतीत दोषारोपपत्र दाखल करायचं, तर तज्ज्ञाचा अहवाल हवा होता. नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापक बाईंचं नाव कुणीतरी सुचवलं. पडलेली इमारत का पडली, हे शोधणं हेच त्यांचं काम. भूकंपानंतर त्या गावोगाव फिरून पडलेली घरं तपासत होत्या. पन्नाशीच्या, बारीक, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत टेप, खडू, एक लहान हातोडी. ठाण्यात आल्यावर मी त्यांच्यापुढे जबाबाची फाईल सरकवली. त्यांनी ती उघडली नाही. म्हणाल्या, "आधी इमारतीशी बोलते. माणसांचं नंतर वाचेन."

दोन दिवस त्या तिथे होत्या. मोडलेल्या स्लॅबमधली सळई बोटानं चाचपत, खडूनं खुणा करत. मधोमध एके ठिकाणी फरशीचे चार तुकडे बाकीच्यांपेक्षा नवे होते. ते उचकटायला लावले. खाली कॉलमचं खोड निघालं, जमिनीच्या पातळीला तोडलेलं. त्यातून सळयांची टोकं वर आलेली, वितळून गोल झालेली. त्यांनी मला खाली बसवलं आणि बोट ठेवून दाखवलं.

"गॅस कटर," त्या म्हणाल्या. "आणि सळयांभोवतीच्या ह्या रिंगा बघा. किती जवळ जवळ आहेत, टोकं आत वळवलेली आहेत. भूकंपानंतर आम्ही गावोगाव हेच शिकवत होतो. शंभरात दहा जण ऐकायचे. हा ऐकणाऱ्यांतला दिसतो. कुणी बांधला हा कॉलम?"

"त्याच मिस्त्रीनं."

"आणि कापला कुणी?"

"त्यानंच."

त्या उठून मागच्या अंगणात गेल्या. तिथे मुलींचा धुण्याचा दगड होता. त्यांनी त्यावरचा वाळलेला साबण हातानं खरवडला आणि हातोडीनं हलकेच ठोकलं. एका बाजूला हॉलचा पिवळा रंग अजून चिकटून होता. टोकांतून वितळलेल्या सळया डोकावत होत्या.

"साहेब, हा धुण्याचा दगड नाही. हा तुमचा कॉलम आहे." दोन महिने माझे शिपाई त्याच्यावर पाय ठेवून तंबाखू मळत होते.

परत हॉलमध्ये येऊन त्यांनी शाबूत राहिलेल्या छताकडे बोट केलं. "छत न पाडता कॉलम काढायचा तर आधी टेकू द्यावे लागतात. जाड बल्ल्या, खाली-वर फळ्या. छताला खुणा राहतात, फरशीवर राहतात. इथे एकही खूण नाही. असल्या रिंगा बांधणारा माणूस टेकू न देता कॉलम कापेल? मला नाही वाटत. हे काम ज्याला कॉलम म्हणजे नुसती अडचण वाटते त्याचं आहे." मग त्या मागच्या भिंतीजवळ उरलेल्या एका बाकावर बसल्या आणि फळ्याच्या दिशेनं पाहिलं. "इथे बसणाऱ्या मुलीला फळा दिसत नसणार."

"हो," मी म्हणालो, "माझी मुलगी तेच..."

आणि मी थांबलो.

माझी मुलगी जूनमध्ये घरी येऊन कुरकुरली होती. खांबामागं बसावं लागतं, अर्धा फळा दिसत नाही. पुढे पालकांची सभा झाली. मी गणवेशातच, जाता जाता दहा मिनिटं गेलो होतो. चहा घेताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणालो होतो, "तो खांब काढा की सर! आमच्या पोरीला फळाच दिसत नाही." सगळे हसले. सर म्हणाले, बघतो साहेब. दिवाळीनंतर मुलगी म्हणाली, "बाबा, आता मस्त दिसतं." मी पेपर वाचत होतो. बरं झालं, म्हणालो.

हे मी विसरलो होतो का? प्रामाणिकपणे सांगायचं तर विसरलो नव्हतो. मुलगी त्या क्लासला आहे, एवढं मी वरिष्ठांना सांगितलं होतं. अर्ध्या गावाची मुलं तिथे आहेत, ते म्हणाले आणि विषय संपला. माझं ते वाक्य मात्र मी सांगितलं नाही. त्या वाक्यातला 'काढा' म्हणजे काढून टाका. तोच अर्थ कानात धरून मी मिस्त्रीसमोर बसलो होतो. कॉलम त्यानंच, त्याच्याच आग्रहानं काढला असेल, तर माझं वाक्य एक चहाच्या वेळचा विनोद ठरत होतं. म्हणून मला ती कबुली इतकी पटली.

बाईंनी त्या संध्याकाळी फाईल उघडली. जबाब वाचला. "हे त्याचे शब्द?"

मी जमादारांना कच्ची वही आणायला सांगितलं. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मीच काढला. पायातून काढला.

"साहेब, गवंड्याच्या तोंडी पायातून काढला म्हणजे पायापासून वर उभा केला. मागं एक खोली काढली म्हणतो ना आपण, तसं."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

खरंच माहीत होतं. नांदेडच्या आमच्या घरामागे वडिलांनी खोली काढली होती, तिच्यातच मी लहानाचा मोठा झालो. हा शब्द शिकायला मला कुठल्या तज्ज्ञाची गरज नव्हती. मी वहीतला सगळा सवाल-जवाब पुन्हा वाचला, या वेळी त्याच्या अर्थानं. सर कॉलम नको म्हणत होते. मिस्त्री म्हणाला, काढल्याशिवाय मी कामच करणार नाही. एवढा मोठा हॉल, मध्ये काढावाच लागतो. तो कबुली देत नव्हता. आपण काम किती चोख केलं ते अभिमानानं सांगत होता. छत पडलं, म्हणजे आपल्या बांधकामाला नाव ठेवतील, ही त्याची भीती होती. त्यानं उभा केलेला कॉलम दुसऱ्या कुणी कापला, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

बाकीचा तपास चार दिवसांत झाला. तो पहिल्याच आठवड्यात चार दिवसांत झाला असता. जमादार निलंग्याकडे जाऊन आले. दिवाळीत मिस्त्री तिकडच्या एका गावात शाळेच्या खोल्या बांधत होता. गावातली दहा माणसं सांगायला पुढे आली. रेणापूरकडच्या रस्त्यावर एक वेल्डिंगवाला सापडला. तो जरासुद्धा कचरला नाही. "सरांनीच बोलावलं हुतं. म्हनले, मागच्या पोरींना फळा दिसंना. मी म्हन्लो, मिस्त्रीला इचारलं का? तर म्हनले, मिस्त्री गावात न्हाई, आन् सुट्टी संपून राहिली." निनावी फोन कुणी केला होता, तेही निघालं. सरांच्या जवळच्या नात्यातला माणूस. फोनमधलं वाक्य कसं जोखून-मापून घेतलं होतं, ते तेव्हा कळलं. 'कुणी काढला, ते मिस्त्रीला विचारा.' मिस्त्री काय उत्तर देणार, हे त्या घरातल्यांना पक्कं ठाऊक होतं. मला काय ऐकू येणार, हेही बहुतेक ठाऊक असावं.

सरांना बोलावलं. त्याच खोलीत, त्याच स्टुलावर. त्यांनी फार ताणलं नाही. "चूक झाली साहेब. पालकांची सारखी मागणी होती." मग माझ्याकडे न पाहता हळू आवाजात म्हणाले, "तुम्हीसुद्धा म्हणाला होतात."

जमादारांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं. मी म्हणालो, "पुढचं लिहा."

त्यांनी पुढचं लिहिलं. दोषारोपपत्रात 'पालकांच्या मागणीवरून' एवढंच आलं. सरांनीही खटल्यात ते वाक्य पुन्हा काढलं नाही. का, ते मला कधी कळलं नाही, आणि मी विचारायला गेलो नाही. त्यांना शिक्षा झाली, अपील झालं. माझ्या सेवापुस्तकात या तपासाबद्दल चांगला शेरा आहे.

मिस्त्रीविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल आम्ही कोर्टात पाठवला आणि तो सुटला. ऐंशीच्या वर दिवस आत होता. त्याची बातमी आली ती आतल्या पानावर, चार ओळींची. 'मिस्त्रीची कबुली' लोकांच्या लक्षात राहिली होती. ज्यानं क्लासचा खांब पाडला तो, अशीच त्याची ओळख झाली. ज्या गावात कॉलमवर सगळ्यांचा जीव होता, तिथे त्याला बांधकामाला कोण बोलावणार? जमादारांकडून कळलं, की त्यानं थापी आणि ओळंबा माळ्यावर टाकला आणि भावाच्या दुकानात गाद्या भरायला बसला. भूकंपानंतर रिंगा नीट बांधणारे जे थोडे हात होते, त्यातले दोन हात मी कमी केले.

मुलीच्या वडिलांना मी पत्र पाठवून खरं काय ते कळवलं. ते उमरीहून लातूरला येऊन मिस्त्रीला भेटायला त्या गादीच्या दुकानात गेले, असं मागाहून कळलं. काय बोलणं झालं ते कुणालाच माहीत नाही. मी मात्र गेलो नाही. बदली झाली, बढती झाली, निमित्तं मिळत गेली.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी गेलो. दुपारची वेळ होती. दुकानात कापूस उडत होता. तो म्हातारा झाला होता, पण मला लगेच ओळखलं. "या साब. बसा." चहा मागवला. मी बसलो आणि पहिल्यांदाच त्यांना तुम्ही म्हणालो. माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"साब, मी कागद मागितला हुता तुमाला," ते म्हणाले. "याद हाय?"

"आहे."

"आता हाय का कागद?"

माझ्या पिशवीत वही होती. त्यांनी कानावरची पेन्सिल घेतली, कोऱ्या पानावर खाली एक चौकोन काढला. "ह्यो पाया." त्यातून दोन सरळ रेघा वर नेल्या. रेघा कुठे वाकल्या नाहीत. मग आडव्या बारीक रेघा, एकीखाली एक, जवळ जवळ. "ह्या रिंगा. असा काढला हुता." पान माझ्याकडे सरकवलं. "आता माझा जबाब लिवा. जसा म्हन्लो तसा."

अशा कागदाला कायद्यात काही किंमत नसते, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. चित्राखाली लिहिलं: मधला कॉलम मीच काढला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पायातून काढला. मोठ्यानं वाचून दाखवलं, सावकाश, एकेक शब्द. वाचून दाखवायला इतकाच वेळ लागतो. मी नोकरीत किती जणांना तो दिला नाही, कोण जाणे. नव्या फौजदारांपुढे बोलायची वेळ येते तेव्हा मी एवढंच सांगतो, की समोरच्याचा शब्द कळला असं वाटलं की थांबा आणि म्हणजे काय ते विचारा. कळलं नाही तर माणूस विचारतोच. घात होतो तो कळलं असं वाटल्यावर.

मिस्त्रींनी मान हलवली आणि खाली उर्दूत सही केली.

मग मी पेन तसंच धरून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. ती तीस वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याच कागदावर लिहिली नव्हती. 'तो खांब काढा की सर, असं पालकसभेत मी म्हणालो होतो.' तीही वाचून दाखवली. खाली माझी सही केली.

मिस्त्रींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांना हे माहीत नव्हतं. मला वाटलं, आता ते मला उठा म्हणतील, आणि मी उठायच्या तयारीनं पिशवी हातात घेतली. पण त्यांनी पान वहीतून हलकेच फाडून घेतलं, दोन घड्या घातल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"हाव," ते म्हणाले. "आता बराबर हाय."

आणि पुन्हा गादी भरायला लागले.